तुझ्यापाशी उरलेलं ‘ना’

पम्या,

मी तुला बघायला आले तेव्हा तुला अर्धांगाचा अटॅक येऊन सव्वीस दिवस झाले होते. तोवर सगळं ऑफिस येऊन गेलं होतं. व्हिसाच्या टेबलावरचा तो नवीन माणूस, ज्याच्याशी तू जेमतेम दोनदा बोलला असशील, तोसुद्धा शहाळी घेऊन येऊन गेला. मी नाही आले. आंबोलीतून लोकलने अर्ध्या तासावरच्या बोरिवलीला पोचायला मला सव्वीस दिवस लागले. का लागले ते तुला माहीत होतं आणि मला.

दार सुलभावहिनींनी उघडलं. “ये गं रीटा,” म्हणाल्या, आणि तुझ्या खोलीकडे न नेता मला हाताला धरून स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. तिथे मुग्धा ओट्याला टेकून उभी होती. तुझी लेक एरवी किती बडबडी, त्या दिवशी नुसती नखं कुरतडत होती.

“तो सगळ्याला नाही म्हणतो गं,” वहिनी हळू आवाजात म्हणाल्या. “जेवण नाही, औषध नाही, व्यायाम नाही. तोंडात एकच शब्द राहिलाय. ना. चमचा नेला की ना. फिजिओवाला आला की ना. शेवटी त्यालाही दहा दिवस झाले बंद केलं. माणसाला जगायचंच नसेल तर आपण किती ओढायचं?”

“डॉक्टर म्हणतात असंच खाणं टाळत राहिले तर नाकातून नळी घालावी लागेल,” मुग्धा म्हणाली. “सोमवारपर्यंत सांगायचंय.”

मग मी आत आले. तू खिडकीकडे तोंड करून पडला होतास. उजवा हात उशीवर ठेवून दिलेला, जणू दुसऱ्या कुणाचा. ओठाची उजवी बाजू खाली उतरलेली. तू मान वळवलीस, मला बघितलंस. मला वाटलं आता पाठ फिरवशील. मी त्याची तयारी करूनच आले होते.

तू हनुवटी जराशी वर केलीस आणि म्हणालास, “ना?”

आणि मी काही विचार करायच्या आत उलट म्हटलं, “ना.”

तुझा अर्धा चेहरा हसला.

“बघ,” मागून वहिनी म्हणाल्या, “तुलाही नाहीच म्हणाला.”

“नाही हो वहिनी. तो ‘काय गं, आलीस?’ म्हणाला.”

त्यांना ते कसं पटणार? त्यांना ऱ्हाइन नदीकाठचं ते छोटं हॉटेल कुठे माहीत? आपण टूर मॅनेजर. चाळीस-पंचेचाळीस मराठी माणसांना पंधरा दिवसांत युरोप दाखवून सुखरूप सहार विमानतळावर उतरवायचं, हा आपला धंदा. दर मे महिन्यात त्या हॉटेलात आपला मुक्काम, आणि काउंटरमागे ती धिप्पाड जर्मन बाई. तू दारातून आत आलास की ती हातातलं काम न सोडता म्हणायची, “ना?” आणि तू म्हणायचास, “ना!” झालं. तब्येत, मुलंबाळं, धंदापाणी, सगळं विचारून झालं. मग तू मागे वळून आपल्या लोकांना सांगायचास, “मंडळी, ही आपल्या बोरिवलीचीच आहे. दोन अक्षरं लागत नाहीत, एकात काम.”

पण त्या दिवशी पुढे जे झालं ते मला जास्त आठवतं. वहिनींनी वाटीत मऊ भात कालवून आणला. चमचा तुझ्या तोंडाशी नेला. तू म्हणालास, “ना!” तोडून, जरा चिडून. वहिनींनी चमचा खाली केला आणि माझ्याकडे बघितलं, बघितलंस ना, असं. मी मात्र तुझा डावा हात बघत होते. तो चादरीवरून पुढे आला होता आणि तळवा वर होता.

मला मारेक आठवला. आपला पोलिश ड्रायव्हर. डिकीतून एकेक बॅग काढून माणसाच्या हातात कोंबताना प्रत्येक वेळी म्हणायचा, “ना!” त्याच्याकडे त्याचा अर्थ ‘घे’. डोंबिवलीच्या एका काकांनी पहिल्या दिवशी बॅग परत खाली ठेवली होती, त्यांना वाटलं हा देत नाही म्हणतोय. मारेक देत असायचा, तू मागत होतास, सूर तोच.

“वहिनी, चमचा त्याच्या हातात द्या.”

“अगं डावा हात आहे. सांडेल सगळं.”

“सांडू दे.”

तू सांडलंस. गंजीवर, उशीवर, कानाच्या मागे कसा गेला देव जाणे, तिथेही भात. पाऊण तास लागला. पण वाटी संपवलीस आणि ती रिकामी वाटी पुन्हा वहिनींच्या पुढे धरून म्हणालास, “ना.” वहिनी वाटी घेऊन आत गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत. बेसिनचा नळ मोठ्याने चालू होता. नुसताच चालू होता.

तुला जेवण नको नव्हतं. तुला दुसऱ्याच्या हातून भरवून घ्यायचं नव्हतं. चार आठवडे एक भुकेला माणूस ‘माझ्या हातात द्या’ म्हणत होता आणि घरचे प्रेमापोटी ताट उचलून नेत होते.

मुग्धाने त्याच संध्याकाळी डॉक्टरना फोन लावला. गिळायला जमतंय की नाही ते तपासायला श्रद्धा आली, मुलुंडची स्पीच थेरपिस्ट, शिडशिडीत, करड्या आवाजाची. तिने पाणी पाजून बघितलं, दही भरवून बघितलं, आणि नळीचा विषय संपला. फिजिओवाला परत सुरू झाला. पहिल्या दिवशी तू त्याच्यावर “ना! ना!” करून ओरडलास, तो घाबरून मागे सरला. मी म्हटलं, “तू थांबू नकोस. तो ‘जोरात कर’ म्हणतोय.” खरं सांगू? ते मला नक्की कळलं नव्हतं. मी थाप मारली. पण तू पाय पुढे टाकलास.

श्रद्धाने मला नंतर जिन्यात गाठलं. म्हणाली, “मॅडम, याला वाचाघात म्हणतात. सगळे शब्द जातात आणि एखादा अडकून राहतो. त्यात अर्थ असतोच असं नाही. सूर मात्र बऱ्याचदा शाबूत राहतो. तुमचं ते जर्मन, पोलिश ऐकायला छान आहे, पण त्यांच्या मेंदूत तो फक्त अडकलेला आवाज असू शकतो.”

“असू शकतो,” मी म्हटलं. “पण सूर आम्ही एकत्र शिकलोय.”

तिचं म्हणणं मला आजही खोडता येत नाही. मी एकदा सरळ तुलाच विचारलं होतं, “पम्या, हे तुझं ‘ना’ मारेकचं आहे, त्या बाईचं आहे की नुसतंच अडकलंय?” तू म्हणालास, “ना,” आणि ठसका लागेपर्यंत हसलास. तो वाद तिथेच आहे.

एकत्र शिकलो म्हणजे काय, तू शिकवलंस. मी सत्तावीसची होते आणि तू छत्तीसचा. मी कॉन्व्हेंटची. माझ्या आईने गावठाणातल्या तुकड्यात भाजी लावून, ती बाजारात विकून मला इंग्रजी शाळेत घातलं होतं, त्यामुळे मला त्या इंग्रजीचा माज होता. तू म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेतला, गिरणी सुटलेल्या बापाचा मुलगा. तुझं इंग्रजी बसमध्ये जमलेलं, ड्रायव्हर, वेटर आणि पेट्रोलपंपवाल्यांकडून. व्याकरणाच्या नावाने शून्य, पण तुझं कुठे अडल्याचं मी बघितलं नाही.

बरं, एकदा अडलं. अथेन्सला. आठवतं? उन्हाने सगळे वितळत होते. तू पाण्याच्या बाटल्या घ्यायला त्या टपरीवर गेलास आणि पाचही बोटं पसरून पंजा त्या माणसाच्या तोंडासमोर धरलास. “फाइव्ह, ना?” तो गल्ल्यामागून बाहेरच आला. लालबुंद. शेजारच्या हॉटेलातल्या वेटरने मध्ये पडून सोडवलं, आणि मग समजलं की त्यांच्याकडे असा पंजा तोंडावर मारून ‘ना’ म्हणणं म्हणजे आईवरून शिवी देण्यासारखं. ‘हे घे, तुझ्या तोंडावर!’ तू मराठीत विचारत होतास, पाच ना रे बाबा? शेवटी माफी म्हणून दहा बाटल्या घेतल्यास. बसमध्ये चढून माइक हातात घेतलास. “मंडळी, आजपासून या देशात पाच म्हणायचं असेल तर आधी तीन दाखवा, मग दोन.” दिवसभर आपली माणसं हात खिशात घालून फिरत होती.

आणि लंडन. नदीकाठी तो गिटारवाला, आणि आपल्या ग्रुपमधल्या पंचाहत्तर वर्षांच्या काकू नऊवारीत त्याच्यासमोर फुगडीच्या चालीवर नाचायला लागल्या. बाजूचा एक गोरा तरुण डोकं धरून ओरडला, “नाऽऽ, दॅट्स सिक!” तू ओआरएसचं पाकीट आणि बीपीचं मशीन घेऊन धावलास. “हू सिक? व्हेअर सिक?” तो बिचारा हसून हसून खाली बसला. मग त्यानेच तुला बाकावर बसवून समजावलं. तिकडच्या पोरांच्या बोलीत ‘ना’ म्हणजे नेहमी नाही नसतं, ‘काय सांगतोस, विश्वास बसत नाही’ असंही असतं. नाहीतर ‘असू दे रे, त्यात काय’ असंही. आणि सिक म्हणजे झकास. तू तुझ्या छोट्या डायरीत लिहिलंस, मी खांद्यावरून वाचलं: ‘ना = काय सांगतोस. सिक = झकास. काकू ठणठणीत.’

आता ते सांगते जे सांगायला मी सव्वीस दिवस आले नाही.

डिसेंबरातली ती मीटिंग. नवीन साहेब, बाहेरून शिकून आलेले, आणि आठ नवी मुलं-मुली, ज्यांना सीझनच्या आधी तयार करायचं होतं. ते काम पंधरा वर्षं तुझं. तू उभा राहिलास आणि तीच लंडनची गोष्ट सांगायला लागलास, साहेबांसाठी इंग्रजीतून. “नो इज नॉट ऑलवेज नो. समटाइम नो इज यस ऑल्सो. यू सी फेस, यू सी हँड.” साहेब म्हणाले, “प्रमोद, हे इंग्लिश आहे की जेवणाची ऑर्डर?” सगळे हसले. मी हसले. तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. मी म्हटलं, “सर, त्याचं इंग्लिश बसमधलं आहे. पण चालून जातं.” म्हटलं तर मी तुला सांभाळून घेत होते. म्हटलं तर विकत होते. तू माझ्याकडे बघितलंस आणि खाली बसलास. गोष्ट अर्धीच राहिली.

पुढच्या आठवड्यात ट्रेनिंगचं काम मला दिलं आणि मी घेतलं. तू मला जिन्यात भेटलास. “घे,” म्हणालास, “तुझं इंग्लिश चांगलं आहे ना.” त्यानंतर तीन महिने एक ना दोन. शेजारच्या टेबलावर बसून तू माझ्याशी चकार शब्द बोलला नाहीस, आणि मीही ताठ राहिले. म्हटलं, वाट बघू, येईल आपण होऊन. मार्चमध्ये तुला अटॅक आला.

तेव्हा मी बुधवारी आणि शनिवारी जी येत राहिले, त्यात नुसतं प्रेम होतं असं कुणी समजू नये. मी फेडायला येत होते. आणि फेडायला येणारा माणूस घाई करतो. मारेकच्या फोनचं तेच झालं. तू माझ्या मोबाइलकडे बघून लांबवून “नाऽऽ” म्हणायचास. मी ठरवून टाकलं, तुला मारेकशी बोलायचंय. चार दिवस खटपट करून त्याला शोधला, व्हिडिओ कॉल लावला, पडदा तुझ्या तोंडासमोर धरला. तिकडून तो आनंदाने ओरडला. आणि तू तोंड फिरवलंस, डाव्या हाताने पलंग बडवायला लागलास. “ना! ना! ना!” डोळ्यांत पाणी.

मुग्धाने माझ्या हातातून फोन ओढून बंद केला. “मावशी, बाबांना त्याला तोंड दाखवायचं नव्हतं. साधं ‘नाही’ होतं ते. सगळ्यांना कळलं, तुम्हालाच नाही कळलं. तुम्हाला तुमचा अर्थ आवडतो.”

तुझी लेक आहे, शोभते. मी त्या दिवशी चहा न घेता निघाले. शनिवारी परत आले, कारण न येणं मला चांगलं जमतं हे मला माहीत झालं होतं आणि मला ते पुन्हा करायचं नव्हतं. त्यानंतर मी पद्धत बदलली. तू ‘ना’ म्हणालास की मी आधी गप्प बसायचे. मग दोन गोष्टी समोर धरायचे, हे की ते? चूक असलं की तू पुन्हा म्हणायचास. वहिनीही तसंच करायला लागल्या आणि माझ्यापेक्षा कितीतरी लवकर तयार झाल्या. सव्वीस वर्षांचा संसार होता, सूर त्यांच्या कानात होताच. फक्त ‘ना’ म्हणजे नाही, या भीतीने तो बंद झाला होता. एकदा मला म्हणाल्या, “गंमत बघ, आपण नको असलं की नको म्हणतो, नाही असलं की नाही म्हणतो. ‘ना’ कधी म्हणतो? ये ना, बस ना, खा ना. हे लक्षातच आलं नाही माझ्या.”

जुलैत तू काठी घेऊन गॅलरीपर्यंत चालत गेलास. गणपतीत लिफ्टने खाली उतरून सोसायटीच्या आरतीला उभा राहिलास, आणि आरतीच्या सगळ्या कडव्यांना ‘ना ना ना’ अशी चाल लावलीस. कुणी हसलं नाही. म्हणजे हसले, पण तुझ्याबरोबर. त्याच आठवड्यात तू स्वतः माझा मोबाइल उचलून मारेकचा फोटो शोधून माझ्यापुढे केलास. मी विचारलं, “चित्र की नुसता आवाज?” दोन बोटं दाखवलीस. दुसरा. आवाज. मी तसा फोन लावला. मारेकने विचारलं, “ना, प्रमोद?” तू म्हणालास, “ना.” मग तो त्याच्या भाषेत बोलत राहिला, तू ‘ना’ म्हणत राहिलास, दोघंही मधूनमधून हसत होतात, आणि शेवटी तो रडला. मी खोलीच्या बाहेर जाऊन उभी राहिले. मला त्यातलं काही कळायची गरज नव्हती.

त्या आधीची, ऑगस्टमधली एक दुपार. वहिनी बँकेत गेल्या होत्या, मुग्धा कामावर. मी तुझ्याजवळ बसून मोसंबी सोलत होते. आणि आधी काही ठरवलं नसताना म्हणाले, “पम्या, त्या दिवशी मीटिंगमध्ये मी हसले.”

तू माझ्याकडे बघायला लागलास.

“हसायला नको होतं. आणि ते काम घ्यायला नको होतं. तुझं होतं ते.”

मला रडू फुटलं. रडायची सवय नाही मला, त्यामुळे येतं तेव्हा धड येत नाही, नाक, कान, सगळं बंद होतं. नेमका तेव्हाच तू म्हणालास, “ना.”

आणि मी सूर ऐकला नाही.

पाच महिने ज्या एका अक्षराच्या वरखालीवर मी घरच्यांशी भांडले, थेरपिस्टशी वाद घातला, ते माझ्यासाठी आलं तेव्हा मी नाक पुसत होते. ते जिन्यातलं ‘चांगलं आहे ना’ होतं का? लंडनच्या त्या पोराचं ‘असू दे, त्यात काय’ होतं? ‘नको बोलूस आता’ होतं? की त्या जर्मन बाईचं, ‘बरं, मग पुढे?’ मी म्हणू शकले असते, परत म्हण. तू म्हणाला असतास. पण मला वेगळाच सूर ऐकू येईल याची भीती वाटली, म्हणून मी मोसंबी पुढे केली. तू फोड उचललीस आणि खाल्लीस. मला दिली नाहीस, हेही लिहून ठेवते.

रोज वाटतं, यातला एखादा बरा अर्थ उचलावा आणि घरी न्यावा. कुणाला कळणार आहे? पण मुग्धा म्हणाली होती, तुम्हाला तुमचा अर्थ आवडतो. मी तो उचलणार नाही, पम्या. तू मला माफ केलंस असं मी कुणाला सांगणार नाही. केलं नाहीस असंही नाही. तू काहीतरी म्हणालास आणि मी ऐकलं नाही, एवढंच खरं आहे आणि तेवढ्यावरच मला राहायचंय.

ऑक्टोबरच्या अखेरीस, सकाळी, दुसरा अटॅक आला. मी पोचले तेव्हा तू गेला होतास. वहिनी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाल्या, “शेवटचं काय म्हणाला ते विचारतायत सगळे. काही मोठं नाही गं. मी म्हटलं, अंघोळीचं पाणी ठीक आहे का? तो म्हणाला, ना. म्हणजे हो. ठीक होतं पाणी.”

‘म्हणजे हो.’ किती सहज म्हणाल्या त्या. मार्चमध्ये ज्या बाईला वाटत होतं की नवऱ्याला जगायचंच नाही, ती. पम्या, आपण दोघांनी आयुष्यात काही काम धड केलं असेल तर ते हे.

माझ्या आईने आमच्या देवळात तुझ्या नावाने मिस्सा मागून घेतली. पाद्रींनी तुझं नाव ‘प्रमोद’ असं नीट उच्चारलं. आई म्हणाली, “जेवतोस का रे विचारलं की हा कधी नाही म्हणाला नाही.” तुझ्या दिवसकार्याला मी आलेच होते.

सोमवारी ऑफिसला गेले. नव्या मुलांची बॅच समोर, साहेब मागच्या रांगेत. मी लंडनची गोष्ट सांगितली, पूर्ण. काकू, फुगडी, ओआरएस, बाकावरचा तो पोरगा. मराठीत सांगितली. मग सांगितलं की ही गोष्ट ज्याची आहे तो गेल्या डिसेंबरात इथेच उभा राहून सांगत होता, आम्ही हसलो आणि ती अर्धी राहिली. मीही हसले होते, असं म्हटलं. एका मुलीने वहीत लिहून घेतलं. कसं लिहिलं ते मला माहीत नाही. आता दर बॅचला मी हे सांगणार आहे, हसले होते हेसुद्धा. ते काम माझ्याकडून काढून घेतलं तर घेऊ देत.

आणि आज मुलुंडला जाऊन आले. श्रद्धाचा फोन होता. “मॅडम, माझे एक पेशंट आहेत. घरचे खचलेत. येता का?” मी म्हटलं, “अगं मी कुठे डॉक्टर?” म्हणाली, “डॉक्टर आहेत. बसणारं माणूस हवंय.”

पोस्टातून निवृत्त झालेले काका. त्यांच्या तोंडात एकच शब्द उरलाय, ‘मंगळवार’. सून रडकुंडीला आली होती. “ताई, कॅलेंडरं काढली, जुन्या डायऱ्या काढल्या, पॉलिसीचे कागद काढले. मंगळवारी काय होतं तेच कळत नाही. मी तर मंगळवारचे उपाससुद्धा धरलेत.” मला हसू आवरेना आणि तिलाही, मग दोघी डोळे पुसत हसलो.

तेवढ्यात काका भिंत धरत आतून आले. मला बघून थबकले. “मंगळवार.”

“नमस्कार काका,” मी म्हटलं.

“मंगळवार!” जरा चढून.

“बघा, असंच करतात,” सून म्हणाली. “बाबा, पाहुण्या आहेत त्या.”

“मंगळवाऽऽर!”

मी गप्प राहिले. त्यांच्या तोंडाकडे बघितलं, मग हाताकडे, मग ते बघत होते तिकडे. मग उठले. खिडकीजवळच्या त्यांच्या खुर्चीत बसले होते मी. ते सावकाश येऊन खुर्चीत बसले, पाय नीट ठेवला, खाली रस्त्याकडे बघितलं आणि अगदी शांत आवाजात म्हणाले, “मंगळवार.”

“आता काय म्हणाले?” सुनेने विचारलं.

“माहीत नाही,” मी म्हटलं आणि दुसरी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. “तूही ये. थोडं बसू या.”